वळूची परीक्षा व कृत्रिम योनी

गाय दोनतीन वेळा उलटली म्हणजे तिला 'भाकड' हे नाव पडण्यास आपल्याकडे वेळ लागत नाही. पुढच्या बाजारी तिला नेतात, येईल त्या किमतीस देऊन टाकतात, आणि तिच्या जागी आणलेली दुसरी गायही त्याच वळूपासून उलटू लागली म्हणजे दैवाला बोल लावितात. ह्या सर्व प्रकारात वळूकडे बोट दाखविण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो अंगाने भरलेला, डुरकणारा, माजावरची गाय दिसताच धाव घेणारा. त्याच्यात उणे ते काय असणार? परंतु अंगातील जोम व वीर्यातील जोम ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली डोळ्यांस दिसते. दुसरी पाहावयाची तर वीर्य स्वच्छ काचपात्रात, जिवंत व निर्मळ स्थितीत हाती यावे लागते. ते हाती येण्याचे जे साधन, त्यास पशुवैद्यकात 'कृत्रिम योनी' म्हणतात.

हे नाव उच्चारण्यास पुष्कळांस संकोच वाटतो. तथापि ज्या साधनामुळे जगातील दुभत्या जनावरांच्या पैदाशीची रीतच पालटून गेली, त्याची माहिती केवळ संकोचापायी शेतकऱ्यापासून दूर राहावी हे आम्हांस योग्य वाटत नाही. दारी येणारी वीर्याची कांडी बहुतेक शेतकरी बंधूंनी पाहिली आहे. ती कांडी कोठून व कशी येते हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. ते ठाऊक झाल्याने दोष कोठे शोधावा हे कळते, आणि निर्दोष गाय बाजारात जाण्याचे टळते. एवढ्याच हेतूने हा पाठ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

१. साधन कसे निर्माण झाले

कृत्रिम रेतनाचा पहिला निश्चित प्रयोग इटलीत १७८० साली लाझारो स्पालांझानी ह्या शास्त्रज्ञाने कुत्रीवर केला. ६२ दिवसांनी तिला तीन पिले झाली. ह्यावरून नरमादीचा प्रत्यक्ष संयोग न होताही गर्भ राहू शकतो हे सिद्ध झाले. परंतु वीर्य शुद्ध स्थितीत मिळवावयाचे कसे हा प्रश्न पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. रशियात इलिया इव्हानोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांत मोठ्या प्रमाणावर काम केले. त्या वेळी घोडीच्या योनीत स्पंज ठेवून संयोगानंतर तो पिळून वीर्य घेत. अशा वीर्यात योनीतील स्राव, मळ व जंतू मिसळत. त्यातील दोष घोड्याचा की घोडीचा, हे सांगता येत नसे.

१९१४ साली रोम येथील अमांतेआ यांनी कुत्र्यासाठी पहिली कृत्रिम योनी बनविली. पुढे १९३० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञांनी वळू, मेंढा व घोडा यांना योग्य अशा मोठ्या आकृत्या तयार केल्या, व केंब्रिज येथील वॉल्टन आदी संशोधकांनी ह्या कामास पुढे चालना दिली. केंब्रिजहून पोलंडात पाठविलेल्या मेंढ्याच्या वीर्याने तेथील मेंढी गाभण राहिल्याचा वृत्तांत १९३६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ह्या विद्येचा आवाका लोकांच्या ध्यानी आला.

त्याच १९३६ साली डेन्मार्कमध्ये साम्सो नावाच्या बेटावर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कृत्रिम रेतनाची पहिली सहकारी संस्था काढली. पहिल्या वर्षी १,०७० गाईंस रेतन झाले व त्यांपैकी ५९ टक्के गाभण राहिल्या. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण प्रयोगशाळेतील हे साधन प्रथम संघटितपणे उपयोगात आणले ते कोणा राजाने वा सावकाराने नव्हे, तर चारदोन गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाने. उत्तम वळू एकट्यास परवडत नाही, तो सर्वांस मिळून परवडतो, हा सहकाराचा सरळ हिशेब त्यामागे होता. १९३८ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे निघालेली संस्था हा डेन्मार्कचा कित्ता पाहूनच निघाली.

आपल्या देशात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी गाईंस प्रथम कृत्रिम रेतन केले. १९४२ साली इज्जतनगर येथील पशुसंशोधन संस्थेत पद्धतशीर काम सुरू झाले, आणि १९४३ साली तेव्हाच्या अलाहाबाद येथील कृषिसंस्थेत ह्या रीतीने म्हशीचे पहिले वासरू जन्मास आले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने शेतकऱ्याच्या दारी जाऊन रेतन करण्याची प्रथा गावोगाव रुजविली.

२. साधनाची रचना

वळूसाठी लागणारी कृत्रिम योनी ही दिसण्यात अगदी साधी वस्तू आहे. बाहेर जाड रबराची किंवा तत्सम टणक पदार्थाची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी असते; लांबी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर, व्यास सुमारे ६ ते ७ सेंटिमीटर. तिच्या आतून पातळ, मऊ रबराची दुसरी नळी घालून तिची टोके बाहेरच्या नळीच्या तोंडांवर उलटवून घट्ट बसवितात. अशा रीतीने दोन नळ्यांच्या मध्ये जी पोकळी राहते तीत बाजूच्या छिद्रातून ऊन पाणी भरतात, व वरून थोडी हवा फुंकून आतील नळी फुगवितात. एका तोंडास रबराचा निमुळता शंकू व त्याच्या टोकास खुणा असलेली काचेची नळी बसवितात. ह्या काचनळीस थंडी व ऊन लागू नये म्हणून तीवर आच्छादन घालतात. दुसऱ्या तोंडाशी आतील बाजूस, पहिल्या एकतृतीयांश भागापुरतेच, निर्जंतुक वंगण लावितात. वंगण खोलवर गेल्यास ते वीर्यात उतरून त्याची नासाडी करते.

ह्या साधनाचे सर्व मर्म तीन गोष्टींत आहे: उष्णता, दाब व स्वच्छता. वळूच्या बाबतीत उष्णतेस विशेष महत्त्व आहे. वीर्य घेते वेळी आतील उष्णतामान ४२ ते ४५ अंश सेल्सिअस असावे लागते. ते कमी पडल्यास वळू वीर्य सोडीत नाही. अधिक झाल्यास त्यास चटका बसतो, आणि एकदा चटका बसलेला वळू पुढे कित्येक दिवस कामास बिचकतो. स्वच्छतेविषयी तर किती सांगावे! प्रत्येक वेळी धुऊन निर्जंतुक केलेली वेगळी नळी घ्यावयाची. तीत साबणाचा अंश राहता कामा नये. पोकळीतील पाण्याचा एक थेंबही वीर्यात झिरपता कामा नये. पाण्याच्या संसर्गाने वीर्यजंतू तत्काळ निकामी होतात.

३. वीर्य घेण्याची रीत

वळूस आदल्या दिवशी व त्या दिवशी स्वच्छ धुतात. शिस्नाच्या आवरणाच्या तोंडाशी असलेले केस आखूड कातरतात व तो भाग मिठाच्या सौम्य निर्जंतुक द्रावणाने धुऊन कोरडा करतात. खोड्यात दुसरा शांत वळू किंवा बैल उभा करतात. माजावरची गायच पाहिजे असे नाही. शिकविलेला वळू नरावर, एवढेच नव्हे तर लाकडी आकृतीवरही, चढतो.

वळू आणताच त्यास काम करू देत नाहीत. एकदोनदा चढू देऊन उतरवितात व काही मिनिटे आवरून धरितात. अननुभवी मनुष्यास हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु ह्या थांबविण्याने मिळणाऱ्या वीर्यातील जंतूंची संख्या वाढते, हे प्रयोगांनी ठरलेले आहे. तदनंतर वळू चढताच उजव्या बाजूस उभा असलेला कामगार आवरणावर हात ठेवून इंद्रिय हलकेच बाजूस वळवितो व कृत्रिम योनी सुमारे ४५ अंशांच्या कोनात तिरपी धरितो. इंद्रियास उघड्या हाताचा स्पर्श करावयाचा नसतो. वळू एक जोराचा रेटा देतो व क्षणात काम संपते. लगेच नळी उभी करून वीर्य काचनळीत उतरू देतात व ती काचनळी ऊबदार पाण्याच्या भांड्यात ठेवितात, कारण एकाएकी थंडी लागल्यास जंतूंस धक्का बसून ते मरतात. सामान्यतः आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक दिवशी दोन वेळा, ह्या प्रमाणात वीर्य घेतल्यास वळूवर ताण पडत नाही.

सर्व जनावरांस एकच साधन चालते असे मात्र नाही. रेड्यास वळूसारखीच परंतु किंचित कमी उष्ण योनी लागते. मेंढा व बोकड यांस सुमारे २० सेंटिमीटरांची आखूड पुरते. घोड्याची बरीच मोठी व जड असते. डुकरास उष्णतेपेक्षा दाब अधिक लागतो, म्हणून तेथे बहुधा हातमोजा घातलेल्या हाताच्या पकडीनेच काम भागते. कोंबड्याचे वीर्य पाठ व पोट चोळून घेतात. त्यास ह्या साधनाची गरजच नाही. जो वळू लंगडा असल्यामुळे चढू शकत नाही, त्याचे वीर्य गुदमार्गाने ग्रंथी चोळून किंवा विजेच्या सौम्य उत्तेजनाने घेता येते. तथापि निरोगी वळूच्या बाबतीत कृत्रिम योनीइतके शुद्ध वीर्य दुसऱ्या कोणत्याही रीतीने मिळत नाही.

४. परीक्षा

आता ज्यासाठी हा सर्व खटाटोप, त्या परीक्षेकडे वळू. वळूचे वीर्य एका वेळी साधारण ४ ते ८ मिलिलिटर, रेड्याचे त्याहून कमी, निघते. रंग दुधाच्या साईसारखा पांढरट असावा. गुलाबी छटा रक्ताची, तपकिरी छटा जुन्या रक्ताची वा मळाची, मुताचा वास मूत्र मिसळल्याची खूण होय. काही वळूंचे वीर्य स्वभावतःच पिवळसर असते. त्यात वाईट काही नाही.

तदनंतर ऊबदार काचपट्टीवर एक थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उत्तम वीर्यात वाऱ्याने ढग फिरावेत तशा लाटा उसळताना दिसतात. निकस वीर्यात जंतू जागच्या जागी वळवळतात किंवा निश्चल पडून राहतात. मग जंतूंची संख्या मोजतात. चांगल्या वळूच्या एका मिलिलिटरात ती सुमारे १०० कोटी भरते. शेवटी जंतूंची ठेवण पाहतात: डोके वेडेवाकडे, शेपूट गुंडाळलेले, अशा विकृत जंतूंचे प्रमाण वाढले म्हणजे तो वळू कितीही डुरकत असला तरी भरवशाचा नव्हे.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. एका परीक्षेवरून वळूस कायमचा नापास करू नये. वृषणात वीर्यजंतू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे दोन महिने लागतात. सबब आज वळूस कडक ताप येऊन गेला, किंवा भर उन्हाळ्यात तो सावलीपाण्यावाचून बांधून राहिला, तर त्याचा परिणाम पुढे कित्येक आठवडे वीर्यात दिसत राहतो. वृषणे शरीराबाहेर लोंबत ठेवण्यात निसर्गाचा हेतूच हा की, ती अंगापेक्षा काही अंश थंड राहावीत. ज्यांच्याकडे घरचा वळू आहे त्यांनी त्यास सावली, भरपूर पाणी व हिरवा चारा द्यावा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा करवून मगच निर्णय घ्यावा.

५. एका वळूचा हिशेब

समजा, एका वेळी ५ मिलिलिटर वीर्य मिळाले व मिलिलिटरात १०० कोटी जंतू आहेत. म्हणजे एकूण ५०० कोटी झाले. निसर्गतः हे सर्व एका गाईच्या पोटी जाते. कृत्रिम रेतनात अंड्याचा बलक अथवा तत्सम पोषक द्रव घालून हे वीर्य वाढवितात, आणि पाव मिलिलिटराच्या एकेका कांडीत सुमारे २ कोटी जंतू भरतात. अर्थात ५०० कोटींच्या सुमारे २५० कांड्या होतात. गावचा वळू वर्षाकाठी पन्नाससाठ गाईंस पुरतो. हा वळू एका सकाळी त्याहून अधिक गाईंची बेगमी करतो.

१९४९ साली इंग्लंडात पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीनच्या योगाने वीर्यजंतू गोठवूनही जिवंत ठेवता येतात हे दाखवून दिले. आता वीर्य द्रवरूप नायट्रोजनात, शून्याखाली १९६ अंशांवर, वर्षानुवर्षे टिकविता येते. वळू मेला तरी त्याची संतती होत राहते.

परंतु ह्या हिशेबास दुसरी बाजू आहे, ती वाचकांनी विसरू नये. गुण जितक्या वेगाने पसरतो तितक्याच वेगाने दोषही पसरतो. रोगी वळूच्या वीर्याच्या २५० कांड्या म्हणजे रोगाचे २५० दूत होत. म्हणूनच वळूची आई किती दूध देई, त्याच्या बहिणी व मुली कशा निघाल्या, आणि तो रोगमुक्त आहे काय, ह्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे असल्याशिवाय त्याचे वीर्य घेणे म्हणजे आंधळ्याच्या हाती दिवटी देणे होय.

६. रोगाचा प्रश्न

गावभर फिरणारा पोळ एका गाईकडून रोग घेतो व दुसरीस देतो. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू हे दोघेही वळूच्या आवरणात बिनबोभाट राहतात. वळूस त्यांचा काहीही त्रास होत नाही, तो धडधाकट दिसतो. इकडे गाई मात्र वारंवार उलटतात किंवा कोवळा गाभ टाकतात. गावात एकाच वळूच्या अनेक गाई एकाच हंगामात उलटू लागल्या तर संशय प्रथम वळूचा घ्यावा, गाईंचा नव्हे.

तिसरा रोग ब्रुसेल्ला. गाभ टाकलेल्या गाईची वार, मेलेले वासरू व स्राव यांत त्याचे जंतू असंख्य असतात. हा रोग मनुष्यासही होतो: चढउतार होणारा ताप, सांधेदुखी, अंगातील त्राण जाणे, आणि काही पुरुषांत वृषणास सूज येऊन वीर्यावर परिणाम होणे ही त्याची लक्षणे होत. सबब गाभ टाकलेल्या गाईची वार उघड्या हाताने कधीही काढू नये. ती खोल पुरून वर चुना टाकावा. दूध उकळल्यावाचून पिऊ नये. आणि असा ताप आल्यास आपण जनावरे बाळगतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. गोठ्यातील रोगाची व घरातील माणसाच्या आरोग्याची भिंत किती पातळ आहे हे यावरून दिसेल.

शासनमान्य वीर्यकेंद्रात वळूंची ह्या व क्षयादी अन्य रोगांसाठी ठराविक काळाने तपासणी होते, आणि वीर्यात जंतुनाशक औषध मिसळतात. गावच्या पोळाविषयी असे आश्वासन कोण देणार?

७. कांडी दारी आल्यावर

येथवर केंद्राचे काम झाले. पुढचे यश मात्र बव्हंशी शेतकऱ्याच्या हाती आहे. आपल्याकडे खेडोपाडी कृत्रिम रेतनाने पहिल्या खेपेस गाभण राहणाऱ्या गाईंचे प्रमाण साधारणतः तिघींत एक इतकेच भरते. ह्या अपयशाचे खापर कांडीवर फोडण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते व माज सुमारे १२ ते १८ तास टिकतो. स्त्रीबीज माज संपल्यावर दहा ते चौदा तासांनी सुटते व थोडेच तास जगते. सबब सकाळी माज दिसलेल्या गाईस त्याच सायंकाळी, आणि सायंकाळी दिसलेल्या गाईस दुसऱ्या सकाळी रेतन करावे. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट हे उत्तम लक्षण. पूमिश्रित वा गढूळ सोट असल्यास रेतन न करता औषधोपचार करावा. सोटाऐवजी रक्त दिसले तर माज होऊन गेला असे समजावे. ती तारीख लिहून ठेवावी व पुढे १८-१९ दिवसांनी नजर ठेवावी. म्हशीचा माज मुका असतो. ती पहाटे व रात्री अधिक लक्षणे दाखविते, म्हणून दिवसाउजेडी एकदा पाहून भागत नाही.

रेतन करणाऱ्याने कांडी नायट्रोजनच्या पात्रातून काढताच ३७ अंशांच्या ऊन पाण्यात अर्धा मिनिट धरावी, पुसून कोरडी करावी व विलंब न लावता वापरावी. ऊन पाणी तयार ठेवणे हे गृहस्थाचे काम आहे. कांडी हातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळविणे अगदी गैर होय. आणि कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक व जात ही वहीत उतरून घ्यावीत. वही नसेल तर तीन वर्षांनी त्याच वळूचे वीर्य त्याच्याच कालवडीस दिले जाईल व वंशाचा ऱ्हास होईल. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी ह्या आपल्या जातिवंत गाईंस वाटेल त्या जातीचे वीर्य देऊन त्यांची जात बुडविणे हेही तितकेच अनिष्ट आहे.

प्रत्येक उलटणे म्हणजे २१ दिवस वाया. चार वेळा उलटली म्हणजे ८४ दिवसांची वैरण, पेंड व मेहनत फुकट गेली. ह्या हिशेबापुढे एक साधी वही महाग नाही.

८. मनुष्याच्या बाबतीत हाच न्याय

हा पाठ येथेच संपविता आला असता. परंतु गोठ्यात जो अन्याय गाईवर होतो तोच घरात स्त्रीवर होतो, म्हणून चार शब्द अधिक लिहितो.

मूल न झाल्यास आपल्याकडे प्रथम सुनेस वैद्याकडे नेतात, नवससायास करवितात, प्रसंगी दुसरे लग्नही मांडतात. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाबरोबर असते. पुरुषाची परीक्षा अत्यंत सोपी, स्वस्त व वेदनारहित आहे. तेथे कृत्रिम योनीची गरज लागत नाही. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर पुरुषाने स्वतः स्वच्छ पात्रात वीर्य द्यावयाचे व ते तासाभरात तपासावयाचे, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मानाप्रमाणे मिलिलिटरास १ कोटी ६० लाख जंतू ही खालची मर्यादा धरितात. तीखाली असणे म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे, पण उपचाराची दिशा त्यावरून कळते. पाठीच्या कण्यास इजा होऊन ज्यांना वीर्य सोडता येत नाही, त्यांच्याकरिता कंपनाचे साधन किंवा विजेचे उत्तेजन योजितात. ह्यांतील दुसरी रीत मेंढ्यांवर १९३६ साली प्रसिद्ध झाली होती. पुरुषांच्या खासगी उपयोगासाठी रबर वा सिलिकोनची अशाच नावाची साधने बाजारात विकतात. त्यांविषयी वैद्यकाचे सांगणे इतकेच की, ती प्रत्येक वेळी धुऊन कोरडी करावीत व दुसऱ्यास कदापि देऊ नयेत.

ह्याच नावाची आणखी एक गोष्ट मनुष्यवैद्यकात आहे, आणि ती अगदी निराळी. सुमारे पाच हजारांत एक मुलगी योनी व गर्भाशय यांची वाढ न होता जन्मास येते. अंडाशये ठीक असल्यामुळे ती बाकी सर्व लक्षणांनी वयात येते, फक्त ऋतू प्राप्त होत नाही. १९३८ साली फ्रँक यांनी शस्त्रक्रियेवाचून, हळूहळू ताण देऊन, योनिमार्ग घडविण्याची रीत दाखविली, आणि त्याच साली मॅकिंडो यांनी त्वचा रोपण करून तो तयार करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे दोन्हींत सुधारणा होत गेली. १५-१६ वर्षांची होऊनही मुलीस ऋतू आला नाही तर लग्न उरकून टाकण्याची घाई न करता तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे. लग्नानंतर फसवणुकीचा आरोप होऊन मुलगी माहेरी परत येते, तेव्हा जी गोष्ट आधी तपासता आली असती तिची शिक्षा तिला भोगावी लागते.

९. पाठाचे सार

कृत्रिम योनीने एका वळूपासून शेकडो वासरे मिळविता येऊ लागली हा तिचा मोठा उपयोग खरा. परंतु आमच्या मते त्याहूनही मोठा उपयोग हा की, जो नर आजवर परीक्षेच्या बाहेर होता त्यास तिने परीक्षेस उभे केले. दोष कोणाचा हे तपासून ठरवावे, रिवाजाने ठरवू नये, हा धडा तिच्यापासून घेण्याजोगा आहे. हे साधन घरी बनवून कोणी वळूवर प्रयोग करावा असे मात्र आम्ही मुळीच सुचवीत नाही. उष्णतामापक, सूक्ष्मदर्शक व शिकलेला हात यांवाचून त्यात वळू बिघडण्याचा व मनुष्यास इजा होण्याचा धोका आहे. शेतकऱ्याने जाणून घ्यावे व योग्य ठिकाणी विचारावे, इतकेच पुरे.

गाय बाजारात नेण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत:

(१) गाय कोणत्या तारखेस, कोणत्या वेळी माजावर आली, हे माझ्या वहीत आहे काय?
(२) रेतन माजाच्या योग्य वेळी झाले काय?
(३) वळू किंवा कांडी कोणत्या क्रमांकाची होती? त्याच वळूच्या इतर गाई गाभण राहिल्या काय?
(४) सोट स्वच्छ होता काय? गाईची पशुवैद्याकडून तपासणी झाली काय?
(५) रेतनानंतर दोनतीन महिन्यांनी गाभणपणाची परीक्षा करविली काय?

ह्या पाचांची उत्तरे मिळाल्यावरही गाय भाकड ठरली तर ती खुशाल विकावी. परंतु ज्याच्या वहीत एकही उत्तर नाही, त्याने कासरा सोडण्यापूर्वी पुढच्या माजाची २१ दिवस वाट पाहावी, हे अधिक शहाणपणाचे होईल.